रिबकाला कुणी विचारलं?

रिबकानं डाव्या हातानं दुधाचं पातेलं माझ्या ओट्यावर ठेवलं आणि उजवा हात झटकन पाठीमागं घेतला. पातेलं कलंडलं, थोडं दूध सांडलं.

“काय गं, हाताला काय झालं?”

“काही नाही बाई. चुलीवर पडले.”

“बघू.”

“नको बाई. फार नाही लागलेलं.”

मी तिचा खांदा धरून तिला उजेडात, खिडकीजवळ आणलं. हाताला तिनं जुन्या परकराची चिंधी गुंडाळली होती. ती सोडताना तिनं डोळे मिटून घेतले, पण तोंडातून आवाज काढला नाही. माणूस चुलीवर पडलं तर कोपर भाजतं, मनगट भाजतं, कपडे जळतात. हिचा फक्त तळवा भाजला होता. सगळाच्या सगळा, बोटांच्या पेरांपर्यंत. मनगटाच्या वर साधा चटकाही नव्हता.

“रिबका, कुणी केलं हे?”

“पडले म्हटलं ना बाई.”

आम्ही तेव्हा खडकवाडीला होतो. प्रवरेच्या काठचं गाव. तिथं आमची ख्रिस्ती मंडळी मोठी, चर्च दगडी, आणि चर्चच्या आवारातच मुलींचं वसतिगृह. माझे यजमान, रेव्हरंड सिलास उमाप, तिथले पाळक; सगळे त्यांना साहेब म्हणत. वसतिगृहात लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरच्या गरीब ख्रिस्ती मुली शिकायला असत. रिबका साळवे त्यांतलीच एक. सातवीत होती. बाप वारलेला, आई गयाबाई राहुरीकडं लोकांच्या शेतात खुरपायला जायची. सुट्टीच्या दिवशी मोठ्या मुलींना मंडळीतल्या थोरामोठ्यांच्या घरी कामाला हात लावायला पाठवायची पद्धत होती. रिबका जायची ती दादासाहेब त्रिभुवनांकडं. दादासाहेब म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे वडील, वसतिगृहाच्या कमिटीचे अध्यक्ष. चर्चमध्ये पहिला बाक त्यांचा. त्यांच्या पत्नी शोभनाबाई महिला मंडळात माझ्या शेजारी बसायच्या, आणि प्रार्थना करायला लागल्या की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं.

मी रिबकाला पाटावर बसवलं. हातावर थंड पाणी सोडत राहिले. सोडता सोडता म्हटलं, “दादासाहेबांच्या घरी झालं ना?”

तिनं हात मागं ओढायला बघितला.

“मला सांग. मी आहे ना.”

“तुम्ही साहेबांना सांगाल.”

“सांगेन. साहेबांनाच सांगायला पाहिजे. ते बघून घेतील सगळं.”

“नको बाई! मला काढून टाकतील. माझी आई मारील मला.”

“कुणी काढत नाही. अगं, साहेब आहेत ना! त्यांच्यासमोर कुणाची छाती आहे खोटं बोलायची?”

मी हे अगदी मनापासून बोलले. लग्न झाल्यापासून या माणसाला मी वेदीवर उभं राहून बोलताना ऐकत आले होते. त्यांच्या तोंडून वचन ऐकलं की मला वाटायचं, हा माणूस वाचून दाखवत नाही, बघून आल्यासारखं सांगतो.

हळूहळू रिबकानं सांगितलं. शोभनाबाईंचं कानातलं हरवलं होतं. कुडं. रिबकानं घर झाडलेलं, म्हणजे चोर रिबकाच. तिनं नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. मग शोभनाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि भाकरीच्या तापलेल्या तव्यावर तिचा तळवा दाबून धरला. कबूल होईपर्यंत.

“मग कबूल झालीस?”

“झाले बाई. काय करू?”

“आणि कुडं?”

“दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वळकटीत सापडलं. त्यांच्या सुनेनं मला हळूच सांगितलं. बाईंनी मला म्हटलं, चुलीवर पडले म्हणून सांग, नाहीतर पोलीस येतील.”

एवढं बोलून ती पहिल्यांदा रडली.

साहेब दुपारी आले. मी त्यांना जेवायच्या आधीच सांगितलं. त्यांनी रिबकाला जवळ बोलावलं, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिच्याकडून सगळं पुन्हा ऐकलं. मग दवाखान्यातून आणलेलं मलम त्यांनी स्वतः तिच्या हाताला लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझी काही चूक नाही. ऐकलंस? रविवारी प्रभुभोजन आहे. त्या आधी मी सगळ्या मंडळीसमोर बोलेन. असं करून कुणाला प्रभूच्या मेजाजवळ येता येणार नाही. मग तो कुणीही असो.”

रिबकानं माझ्याकडं बघितलं. मी तिला म्हटलं, “बघ. सांगितलं होतं ना?”

तिला मी आमच्या घरीच ठेवून घेतलं. ती माझ्याजवळ बसून डाव्या हातानं पालेभाजी निवडायची. एकदा म्हणाली, “बाई, साहेब बोलतील तेव्हा मला उभं राहावं लागेल का?” मी म्हटलं, “तुला काही करायचं नाही. बोलायचं ते साहेब बोलतील.” तिचा चेहरा सैल झाला. त्या दिवशी ती गुणगुणत होती, हे मला अजून आठवतं.

शनिवारी मी प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका उकडत होते, तेवढ्यात दादासाहेब आले. “सलाम पाळकीणबाई,” म्हणाले. आवाजात काही राग नाही, काही नाही. रिबका आतल्या खोलीत पळाली. दादासाहेबांनी साहेबांना म्हटलं, “जरा नदीकडं फिरून येऊ.”

दोघं गेले. परत एकटे साहेबच आले, ते दिवेलागणीच्या आधी. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, नुसता तांब्या हातात धरून बसले.

“काय म्हणाले?”

“काही नाही. बोलणं झालं.”

“कबूल केलं?”

“मनोरमा, उद्याचं मी बघतो. तू मधे पडू नकोस.”

यात मला काही वावगं वाटलं नाही. उद्या एवढं मोठं बोलायचं, माणूस विचारात असणारच, असं मी मनाशी धरलं. मी त्यांचा पांढरा झगा इस्त्री करून ठेवला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, वसतिगृहाच्या मुली पुढं सतरंजीवर. मी रिबकाला माझ्याजवळ बाकावर बसवलं होतं. तिच्या हाताला स्वच्छ पांढरी पट्टी बांधली होती. शोभनाबाई माझ्या पुढच्याच बाकावर. त्यांच्या कानांत दोन्ही कुडी होती.

साहेब उपदेशाला उभे राहिले. सुरुवात चांगली केली. म्हणाले, आपल्या मंडळीत या आठवड्यात एक दुःखाची गोष्ट घडली. मी रिबकाचा डावा हात घट्ट धरला.

“एका लेकराला इजा झाली,” ते म्हणाले. “अपघात झाला. आणि त्या अपघातावरून काही गैरसमज पसरले. सैतान अशीच संधी शोधत असतो. घराला घर लागून असलं की ठिणगी कुठून कुठं जाते, कळत नाही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अपघात?

मग ते क्षमेवर बोलायला लागले. फार सुंदर बोलले. बायका डोळे पुसायला लागल्या. क्षमा मोजून करायची नसते, म्हणाले. दुखावलेल्यानं पुढं व्हायचं असतं, म्हणाले. मी त्यांच्याकडं एकटक बघत होते. ते सगळीकडं बघत होते, फक्त आमच्या बाकाकडं बघत नव्हते.

“आज या मेजाजवळ येण्यापूर्वी,” ते म्हणाले, “आपली लेक रिबका पुढं येईल. शोभनाबाईही येतील. रिबका सगळ्यांसमोर त्यांना क्षमा करील, त्यांचा हात हातात घेईल. आणि जे झालं ते आपण इथंच पुरून टाकू. ये, पोरी.”

शोभनाबाई उठल्या. पदर सावरत पुढं गेल्या, मान खाली घालून उभ्या राहिल्या. कुणीतरी स्तोत्र धरलं.

रिबका हलली नाही. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. तिनं मला काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. आपल्याला घेऊन आलेल्या माणसानंच बाजारात हात सोडून द्यावा, तसं ते बघणं होतं. तिला वाटलं, मला हे माहीत होतं.

“ये, रिबका,” साहेब पुन्हा म्हणाले. आवाज फार मऊ.

ती उठली. आज्ञाधारक पोर होती ती. दोन पावलं गेली. मग मीही उठले. मी काय करणार आहे, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्यापाशी गेले, तिच्या आणि वेदीच्या मधे उभी राहिले.

“रिबका, तुला क्षमा करायची आहे का?”

स्तोत्र म्हणणारे थांबले. साहेब हळू आवाजात म्हणाले, “मनोरमा, बस खाली.”

“मी तिला विचारतेय. तिला कुणी विचारलंच नाही.”

“पाळकीणबाई,” दादासाहेब पहिल्या बाकावरून म्हणाले, “हे देवाचं घर आहे.”

“म्हणूनच विचारतेय, दादासाहेब.” मग मी पुन्हा रिबकाकडं वळले. “बोल पोरी. तुला वाटेल ते सांग.”

तिनं शोभनाबाईंकडं बघितलं. साहेबांकडं बघितलं. आणि म्हणाली, “नाही.”

ओरडली नाही. वर्गात हजेरी द्यावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली. पण त्या दगडी भिंतींत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“बरं,” मी म्हटलं. “चल.”

आम्ही दोघी मधल्या वाटेनं दाराकडं निघालो. महिला मंडळात मी कुणाची बाळंतपणं काढली होती, कुणाच्या पोरीच्या लग्नात राबले होते. कुणी उठलं नाही. एका म्हातारीनं माझा पदर धरून हळूच म्हटलं, “बाई, नवऱ्याची शोभा करू नये.” मी पदर सोडवून घेतला. बाहेर चपलांचा ढीग पडला होता. रिबकाला एका हातानं सँडलचा पट्टा लावता येईना. मी खाली बसून लावला. आतून साहेबांचा आवाज आला. ते प्रार्थना करत होते, नेहमीसारखीच.

एस. टी.च्या थांब्यावर रिबका म्हणाली, “तुम्ही म्हणाला होता, साहेब बोलतील.”

“ते म्हणाले होते गं.”

“मग?”

त्या “मग”चं उत्तर मला आजवर नीट सापडलेलं नाही.

राहुरीला गयाबाईनं लेकीचा हात बघितला आणि ती मटकन खाली बसली. मी तिला सगळं सांगितलं. चर्चमधलंही सांगितलं. मग म्हणाली, “बाई, तुमच्यावर भरवसा ठेवून पोर ठिवली होती मी.” मी एवढंच म्हटलं, “ठाण्यात जायचं असलं तर मी येते बरोबर. माझं नाव घाल साक्षीला.”

आम्ही गेलो. सरकारी डॉक्टरांनी हात बघितला आणि हे पडून झालेलं नाही असं स्पष्ट सांगितलं. शोभनाबाईंवर खटला झाला. तारखा पडत राहिल्या, आणि शेवटी गयाबाई दमली, समझोता झाला. शिक्षा कुणालाच झाली नाही. मुलींना लोकांच्या घरी कामाला पाठवायचं मात्र त्या दिवसापासून बंद झालं, ते कायमचं.

मी चार-सहा दिवस गयाबाईकडंच राहिले. मग घरी आले. कशाला परत गेलीस, असं पुढं माझ्या धाकट्या बहिणीनं विचारलं होतं. माझं घर होतं ते, दुसरं काय सांगू?

साहेब ओट्याशी उभे राहून स्वतःच चहा करत होते. मला बघून त्यांनी पातेल्यात आणखी एक कप पाणी घातलं.

“तुला माझी अडचण कळली नाही,” ते म्हणाले.

“सांगितली असती तर कळली असती.”

“दादासाहेब म्हणाले, असं काही चारचौघांत आलं तर वसतिगृहच बंद करू. कमिटी त्यांच्या हातात. मग त्या पोरींनी जायचं कुठं? पुन्हा रानात? एकीसाठी मी सगळ्यांच्या तोंडातला घास काढून घेऊ?”

“आणि एका हरवलेल्या मेंढरामागं बाकीचा सगळा कळप सोडून जाणारा मेंढपाळ? तो मला कुणी शिकवला? दर वर्षी त्याच्यावर उपदेश करता.”

चहा उतू गेला.

“तुम्ही घाबरला असतात तरी चाललं असतं,” मी म्हटलं. “गप्प बसला असतात, तरी मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही तिलाच उभी केलीत. क्षमेच्या नावाखाली. आणि मला आदल्या दिवशी कळू दिलं नाहीत. मी तिचा हात धरून तिला तिथं नेऊन बसवलं.”

“तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

“नसतेच आले.”

“मग?” ते म्हणाले.

वसतिगृह बंद वगैरे काही झालं नाही. आमची बदली मात्र झाली. ज्याला बायको आवरत नाही त्यानं मंडळी काय आवरावी, असं दादासाहेब कमिटीत म्हणाले, असं आमच्या कानावर आलं. नव्या गावी साहेब पुन्हा वेदीवर उभे राहिले. चांगले पाळक होते, लोकांचं प्रेम होतं त्यांच्यावर. आजाऱ्यांकडं पावसापाण्यातून जायचे. मी त्यांच्याबरोबर राहिले, मुलं वाढवली, मंडळीची कामं केली. फक्त ते बोलायला उभे राहिले की मी खिडकीबाहेर बघायची. ते त्यांच्या लक्षात आलं असेल, नसेल.

रिबका दुसरीकडं शिकली. तिची दोन बोटं कायमची आखडली. डाव्या हातानं लिहायला लागली आणि पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. दर नाताळाला माझ्याकडं यायची, करंज्या घेऊन. ती येणार म्हटलं की साहेबांना नेमकं बाहेर काहीतरी काम निघायचं.

साहेब निवृत्त झाले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, हातात काठी आली. एके सकाळी घरची प्रार्थना झाल्यावर ते उठलेच नाहीत, तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “रिबका कुठं राहते आता?”

“श्रीरामपूरला.”

“मला घेऊन जाशील?”

मी का म्हणून विचारलं नाही. साडी बदलली आणि त्यांना घेऊन निघाले.

रिबकानं दार उघडलं. आधी मी दिसले म्हणून हसली, मग माझ्यामागं साहेब दिसले आणि तिचं हसू थांबलं.

“सलाम साहेब. या.”

साहेब आत आले, पण बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून खोलीच्या मधोमध उभे राहिले. एवढं आयुष्य हजारो माणसांसमोर बोललेला माणूस, पण शब्द सापडेनात.

“रिबका,” शेवटी म्हणाले, “त्या दिवशी मी तुला पुढं बोलावलं. तुझं तुला विचारलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, तरी अपघात म्हणालो. ते खोटं होतं. मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा कर.”

ती भिंतीला टेकून उभी होती. बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला.

“तुम्ही बसा आधी,” ती म्हणाली. आत जाऊन तिनं पाणी आणलं. ते प्यायले. मग ती त्यांच्यासमोर बसली.

“साहेब, त्या दिवशी जमलं नसतं मला.”

“हो. खरं आहे.”

“नंतरही नाही जमलं. तुमचा आवाज कुठं कानावर आला तरी अंगावर काटा यायचा. दोन-तीनदा तुमच्या दारावरून परत गेलेय मी, तुम्ही घरात आहात हे कळल्यावर.” ती थांबली. “पण आज करते. तुम्ही मागितलीत, म्हणून करते.”

साहेब रडले. लहान मुलासारखे रडले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. आम्हाला दोघांना बसायला नीट जागा मिळाली. बस गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंनी उसाची शेतं लागली. साहेबांचा चेहरा मोकळा झाला होता. कित्येक वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

“फार मोठ्या मनाची आहे पोर,” ते म्हणाले.

“आहेच.”

“आज ओझं उतरलं बघ, मनोरमा. छातीवरचा दगड उतरला.”

“हं.”

मी वाट बघितली. मला वाटलं, आता ते माझ्याकडं वळतील. फार काही नको होतं. तिथं उभं राहून तिला जे म्हणाले, त्यातलं अर्धं वाक्यही चाललं असतं. त्यांनी खिडकीची काच थोडी सरकवली. वारा लागतोय, म्हणाले. आता संध्याकाळी पिठलं कर, बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही, म्हणाले. माझ्याकडं मागण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी तर त्यांचीच होते.

मग त्यांचा डोळा लागला. बस हलली तशी त्यांची मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. गाव येईपर्यंत ते तसेच शांत झोपले होते. मी खांदा काढून घेतला नाही. त्यांच्याकडं बघितलंही नाही.